आजोबांचं नाव मंगेश, मग नातवाचंही तेच ठेवायचं का?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यातले. चार महिन्यांपूर्वी आम्हाला मुलगा झाला, पण बारसं अजून अडलंय. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचं नाव मंगेश. आई म्हणते पहिल्या नातवाचं नाव तेच हवं, दुसरं नको. बायको बेळगावची, तिच्या मनात पहिल्यापासून विहान आहे. ती म्हणते मंगेश म्हणजे रिटायर व्हायला आलेल्या साहेबांचं नाव वाटतं, शाळेत पोरं मंग्या मंग्या करून चिडवतील. नेटवर अर्थ बघितला तर एका ठिकाणी मंगल करणारा, दुसरीकडे नुसतंच शंकर. आई बाबांचं नाव जन्मात कधी तोंडाने घेत नव्हती, आजही 'हे' म्हणूनच बोलते, पण या नावावर अडून बसलीय, पंधरा दिवस सुनेशी धड बोलत नाही. जन्मदाखल्यावर नाव अजून घातलेलं नाही. काय करू? - एक बाबा, फोंडा

नमस्कार बाब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले, आई बाबांचं नाव कधी तोंडाने घेत नव्हती, ते. त्याच्याकडे येते मी, पण आधी अर्थाचं बघूया कारण तिथे लोकांनी खरंच खूप गोंधळ घालून ठेवलाय आणि तुमच्या बायकोला जर चुकीचाच अर्थ माहीत असेल तर तिने नाव नको म्हटलं यात तिचं काय चुकलं.

मंगल करणारा तो मंगेश, हे ऐकायला बरं वाटतं पण जुळत नाही. मंगल आणि ईश जोडलं की होतं मंगलेश, आणि ते वेगळं नाव आहेच की, हिंदीतले कवी मंगलेश डबराल आठवा. मंगेशमधला ल कुठे गेला मग? तो कधी नव्हताच. मंगेश हे आपल्या देवाचं नाव, मूळ रूप मांगिरीश, आणि त्यामागची गोष्ट मंगेशीच्या आजूबाजूला वाढलेल्या कुणालाही विचारा, सांगेल. शंकर पार्वती सारीपाट खेळत बसले, शंकर हरत गेला हरत गेला, शेवटी सगळंच हरला आणि सगळं तिथेच टाकून निघाला तो खाली दक्षिणेला, आपल्या जुवारी नदीच्या काठी कुशस्थळीत येऊन राहिला. कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी, आपण पणजी मडगाव जाताना पुलाच्या अलीकडे पलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकतो ना, तीच. मागोमाग पार्वती शोधत आली. शंकराला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाघाचं रूप घेतलं आणि तिच्यापुढे उभा राहिला. ती इतकी घाबरली की तिला म्हणायचं होतं 'त्राहि मां गिरीश', म्हणजे हे डोंगरांच्या धन्या मला वाचव, पण भीतीने शब्द तुटले आणि तोंडातून निघालं ते 'मां गिरीश' एवढंच. मग शंकर आपल्या रूपात आला, आणि तिने मारलेली ती हाकच त्याने नाव म्हणून घेतली. मांगिरीश, मग बोलता बोलता मांगीश, मंगेश.

आता हे जरा सावकाश बघा, कारण मला या नावात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. संस्कृतात 'मां' म्हणजे मला. 'त्राहि' म्हणजे वाचव, ते गळून पडलं. गिरीश म्हणजे गिरीचा ईश. म्हणजे मंगेश या नावात खरं काय आहे तर 'मला, गिरीशा...' एवढं अर्धं वाक्य आहे. देवाच्या नावांचे अर्थ बहुतेक देवाची थोरवी सांगणारे असतात, जगाचा धनी, गणांचा पती, दुःख हरणारा. इथे थोरवी नाही, इथे घाबरलेल्या माणसाचा आवाज आहे आणि तो ज्याच्याकडे धावला त्याचं नाव आहे. आणि हे नाव कुठल्या ऋषीने किंवा राजाने दिलेलं नाही हं, ते एका बायकोच्या तोंडून निघालंय, नवऱ्याला मारलेली हाक आहे ती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी एक परंपरा पण आहे, ती म्हणते मांगिरीश नावाचा डोंगर भागीरथीच्या काठी होता, तिथे ब्रह्मदेवाने लिंग स्थापलं, आणि सारस्वत लोक तिकडून बिहारच्या तिरहुतातून खाली गोमंतकात आले तेव्हा देव बरोबर घेऊन आले. दोन्ही गोष्टी देवळाच्या परंपरेतल्याच आहेत, तुम्हाला जी मुलाला सांगावीशी वाटेल ती सांगा. मला विचाराल तर वाघाचीच सांगा, पोरं ऐकतात.

आता इतिहास. तो गोष्टीपेक्षा जड आहे आणि तुमच्या आईच्या हट्टामागे थोडाफार तोही असणार, तिला तो तारीखवार सांगता येत नसेल तरीही. कुशस्थळीचं देऊळ जिथे होतं तो भाग पोर्तुगीजांच्या हातात गेला, साष्टीत धर्मांतराचा जोर सुरू झाला, देवळं पाडायला लागले, तेव्हा १५६० साली महाजनांनी लिंग उचललं आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, प्रियोळच्या मंगेशीला आणलं, कारण इथे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. ती यायला पुढे दोनशे वर्षं गेली, फोंडा त्यांच्याकडे गेला तो १७६३ च्या सुमारास. तोवर देव इथे रुजला होता. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं, ते सुद्धा रामचंद्र मल्हार सुखटणकर म्हणून त्यांचे सरदार मंगेशाचे भक्त होते त्यांच्या सांगण्यावरून. आणि एकटा मंगेशच नव्हे, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. आपल्या फोंड्यात दर दोन मैलांवर एवढी मोठी देवळं का आहेत असं बाहेरचे लोक विचारतात, तर हे असं आहे, ही सगळी घर सोडून आलेली दैवतं आहेत. बांदोड्याचा नागेश तेवढा पहिल्यापासून इथलाच.

मग माणसांची नावं बघा आपल्याकडची. मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर, शांता. ही नावं आवडली म्हणून ठेवलेली नव्हती, ती आपण कुठल्या देवाचे हे सांगायला ठेवलेली होती, माणूस कुठेही गेला तरी त्याच्या नावावरून कळायचं याचं कुलदैवत कुठलं. आणि माणसं गेली पण लांब लांब. जी कुटुंबं तेव्हा आणि नंतर दक्षिणेला कानडी मुलखात गेली त्यांनी भाषा बदलली, कन्नड लिहायला लागली, पण नाव सोडलं नाही. कन्नडमध्ये मुलांसाठी कविता गोष्टी लिहिणारे एक मोठे लेखक होऊन गेले, पंजे मंगेशराव, १८७४ चा जन्म, बंटवाळचे. गोव्यापासून इतक्या लांब, आणि नाव मंगेश. तुमच्या बायकोला हे जरूर सांगा, बेळगावच्या माणसाला कन्नडचं काही परकं नसतं.

आणि मग मंगेशकर. मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीत जन्मले. वडील देवळात अभिषेक करणाऱ्या घराण्यातले, आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातली, आणि या मुलाने पुढे आडनाव लावलं ते वडलांच्या घराण्याचं नाही, गावाचं आणि देवाचं लावलं, मंगेशकर. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. ज्याला समाज आडनाव सहज देत नव्हता त्याने देवाकडून घेतलं, आणि मग लतादीदींमुळे ते नाव जगभर गेलं. म्हणून कुणी जर तुम्हाला म्हणालं की मंगेश हे अमक्याच जातीचं नाव, तर त्याला शांतपणे हे सांगा. देवळाच्या भिंतींआतले वाद वेगळे, नाव मात्र सगळ्यांनी घेतलं, गोव्यात कुठल्याही समाजात तुम्हाला मंगेश सापडेल.

इथे एक गंमत सांगते, मला स्वतःला ती फार आवडते. १९२९ या एकाच वर्षी लतादीदी जन्मल्या इंदूरला, पंडित जितेंद्र अभिषेकी जन्मले आपल्या मंगेशीत, आणि कवी मंगेश पाडगांवकर जन्मले वेंगुर्ल्याला. एक आडनावात मंगेश घेऊन, एक त्याच्या अभिषेकाचं आडनाव घेऊन, एक सरळ त्याचं नावच घेऊन. पाडगांवकरांच्या कविता तुमच्या बायकोने शाळेत पाठ केल्या असतील, तेव्हा तिला मंगेश हे नाव साहेबांचं वाटलं नसेल, कवीचं वाटलं असेल.

तरी ती म्हणते त्यात खरं आहे हे मी लपवणार नाही. मी मराठी शाळेत होते तेव्हा आमच्या एका वर्गात दोन मंगेश, मास्तर मोठा मंगेश आणि धाकटा मंगेश अशी हाक मारायचे, शेजारच्या वर्गात आणखी एक. आज माझ्या ओळखीतला सगळ्यात लहान मंगेश कॉलेजात शिकवतो. गेल्या कितीतरी वर्षांत मी ज्या बारशांना गेले तिथे मंगेश एकदाही ऐकलं नाही, ऐकलं ते आरव, अथर्व, विवान, विहान, अमकांश तमकांश. मांगिरीश मात्र अधूनमधून ऐकते, काही आईबापांना जुनं पूर्ण रूप नवं वाटतं. नावांचं असंच असतं, आजोबांच्या पिढीचं नाव आपल्याला जुनाट वाटतं आणि पणजोबांच्या पिढीचं गोड वाटायला लागतं, राघव, माधव, केशव परत आले की नाही, पंचवीस वर्षांपूर्वी कुणी ठेवलं असतं का केशव. मंगेश सध्या त्या मधल्या खड्ड्यात आहे, साहेबांच्या वयात. तुमचा मुलगा कॉलेजात जाईल तोवर हे नाव कसं वाटेल हे आजच्या कानाने ठरवू नका एवढंच.

चिडवण्याचं म्हणाल तर पोरं मंग्या म्हणणारच. विहानलाही विहान्या म्हणतील. आपल्याकडे या 'या'पासून आजवर कोण सुटलंय, आणि ते चिडवणं नसतंच बहुतेकदा, मैत्रीचं असतं. उलट वर्गात मंगेश तो एकटाच असेल, विहान माझ्या नुसत्या ओळखीत तीन आहेत.

पण विहान वाईट नाव आहे असं म्हणायला मी तयार नाही, आणि तुमच्या आईनेही म्हणू नये. विहान म्हणजे पहाट, खरा जुना शब्द आहे, हल्ली नेटवर अर्थ चिकटवून नावं तयार करतात त्यातला नाही. नऊ महिने त्या बाईने पोटातल्या बाळाला मनातल्या मनात या नावाने हाक मारली असणार. ते नाव तिने कुठून उचललेलं नाही, तिच्या बाळंतपणात ते तिच्या सोबतीला होतं. म्हणजे तुमच्या घरात एक चांगलं नाव आणि एक वाईट नाव असं भांडण नाहीच आहे, दोन्ही चांगलीच आहेत, म्हणून तर सुटत नाहीये.

आता त्या वाक्याकडे येते.

तुमच्या आईने चाळीसेक वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं नाव तिने कधी उच्चारलं नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि तेही गेली दोन वर्षं बंद झालं असणार. ती अडून बसलीय ते मला रागाचं वाटत नाही, मला ते वेगळं वाटतं. माणूस गेला, घरातून त्याचा आवाज गेला, आणि जे नाव तिने स्वतः कधी घेतलं नाही ते आता दुसरंही कुणी घेत नाही. आधी दारात माणसं येऊन 'मंगेशबाब आसा रे?' म्हणून विचारायची, ते थांबलं. तिला ते नाव घरात परत ऐकायचंय. पण एक गोष्ट तिला शांतपणे विचारा, अगदी दोघंच असताना, संध्याकाळी दिवा लावून झाला की: आई, समजा ठेवलं मंगेश, तू त्याला हाक काय मारणार? तो पायरीवरून धावत गेला, शेणात हात घातला, तेव्हा मंगेशा म्हणून ओरडणार आहेस? बघा तिला काय होतं ते. मला वाटतं ती गप्प बसेल, कदाचित हसेल, कदाचित रडेल. कारण तिच्या तोंडून ते नाव निघणार नाही, रागावून तर नाहीच नाही.

आणि हा प्रश्न नवा नाहीये. आपल्या घरांमधे हे पिढ्यान् पिढ्या झालंय. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं हा नेम, आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हाही नेम, मग त्या बाईने स्वतःच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून तर आपल्याकडे प्रत्येक घरात एक बाबू, एक भाई, एक अण्णा, एक पुतू असायचा. आयुष्यभर ज्याला भाऊ म्हणून ओळखलं त्याचं खरं नाव मयताची बातमी पेपरात आल्यावर कळायचं. माझ्या सख्ख्या काकाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं आणि माझी आजी त्याला बाबलो म्हणायची, सगळं घर बाबलो म्हणायचं, शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरीत खरं नाव पुकारलं तर हा उठलाच नाही, त्याला माहीतच नव्हतं ते आपलं नाव. घरी येऊन आजीला विचारलं तर तिने मान हलवली, नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. काका ही गोष्ट सांगायचा तेव्हा आम्ही मुलं हसायचो, मी आई झाले तेव्हा मला ती वेगळी कळली. नाव घराण्याचं, पण हाक आईची होती. जुन्या लोकांनी हे कुठे लिहून ठेवलं नाही पण वाटणी अशीच झाली होती, कागदावर आणि देवापुढे आजोबांचं नाव, आणि रोज उठून शंभरदा जे म्हणायचं ते आई ठरवणार.

म्हणून मला स्पष्ट विचाराल तर मी म्हणेन दाखल्यावर मंगेश घाला आणि घरात तो विहान असू दे. बारशाला आत्या कानात नाव सांगते तेव्हा दोन्ही सांगू दे, पाळण्यात दोन तीन नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. तुमची आई त्याला विहान म्हणेल आणि सुखाने म्हणेल कारण दुसरं तिला म्हणताच येणार नाहीये. आणि शाळेत हजेरीला, रिझल्टवर, लग्नपत्रिकेवर मंगेश येत राहील.

पण हे माझं मत झालं, आणि ते एका अटीवर आहे. तुमच्या बायकोने मनापासून हो म्हटलं पाहिजे. दमून नाही, घरात शांतता हवी म्हणून नाही. चार महिन्यांची बाळंतीण, रात्री दूध पाजायला उठतेय, आणि घरात सासूचा अबोला, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं, ते हो धरू नका. तिचं मन शेवटपर्यंत वळलं नाही तर मग उलटं करा, दाखल्यावर विहान आणि पाळण्यातलं नाव मंगेश, आणि आईला तुम्ही समजवा. ते सुद्धा काही कमी नाही, आणि तुमच्या स्वतःच्या नावात तर मधे मंगेश आहेच, तुमच्या प्रत्येक कागदावर बाबा आहेत.

आईला एक गोष्ट मात्र तुम्हीच सांगायला हवी, प्रेमाने पण सांगाच. नाव मागणं हा तिचा हक्क आहे, अबोला धरणं नाही. वाघ बघून भेदरलेल्या पार्वतीच्या तोंडून हे नाव निघालं ना, मग त्याच नावासाठी एका बाईला घरात भेदरवून ठेवायचं हे मंगेशाला तरी कसं आवडेल. माझं नाव सांगून म्हणा हवं तर.

आणि आता तुमच्याबद्दल. अख्ख्या पत्रात आई काय म्हणते आहे, बायको काय म्हणते आहे, नेट काय म्हणतंय, तुम्हाला काय वाटतं ते कुठेच नाही. बाबा तुमचे गेलेत. मुलगा तुमचा आहे. तुम्हाला तुमच्या मुलाला वडलांच्या नावाने हाक मारवणार आहे का, गळा भरून येईल का, की बरं वाटेल? तुम्ही मधे उभे राहून दोघींचे निरोप पोचवताय म्हणून त्या दोघी एकमेकींशी भांडतायत असं मला वाटतं. आधी स्वतःशी ठरवा आणि मग दोघींना एकत्र बसवून सांगा की मला असं वाटतं, आणि का वाटतं. बाबांची एखादी आठवण सांगा बायकोला, तिने त्यांना किती वर्षं बघितलं असेल, थोडीच. तिच्यासाठी मंगेश हे भिंतीवरच्या फोटोखालचं नाव आहे. तुमच्यासाठी ते तुम्हाला खांद्यावर बसवून जत्रेत नेणाऱ्या माणसाचं नाव असेल. हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार.

कागदांचं थोडक्यात सांगते. घाई करू नका, जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि नोंद झालेल्या तारखेपासून बारा महिन्यांत नाव घातलं तर फी लागत नाही, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. म्हणजे तुमच्याकडे अजून सात आठ महिने आहेत. पण एकदा घातलं की ते पक्कं धरा, आत्ता काहीतरी घालू आणि मग बदलू असं करू नका, गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, त्याप्रमाणे सगळी प्रोसेस करावी लागते, आणि मग आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे फिरत बसा.

स्पेलिंग आधीच ठरवा. मंगेशीच्या बोर्डावर तुम्ही बघितलं असेल, इंग्रजीत लिहिताना जी नंतर एक यू असतो. ते चुकून नाही आलेलं, पोर्तुगीजमध्ये जी पुढे ई आली की ग चा उच्चार झ च्या जवळ जातो, तो ग च राहावा म्हणून मधे यू घालायचे. बाबांच्या जुन्या कागदांवर कदाचित यू असेल आणि तुमच्या दाखल्यावर वडलांच्या नावात नसेल, किंवा उलट. सगळे कागद टेबलावर काढा, एकदा बघून घ्या आणि तुमच्या नावात जसं आहे तसंच मुलाचं ठेवा. उद्या पोर्तुगालचे, म्हणजे तिथल्या नागरिकत्वाचे, पेपर करायची वेळ आली, हल्ली फोंड्यातही प्रत्येक वाड्यावर कुणीतरी करतंच, तर एका यू साठी लोक वर्षभर खेपा घालताना मी बघितलेत. आणि आजोबा नातू एकाच नावाचे असले की जमिनीच्या कागदात गोंधळ होतो, एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबारावर, मंगेश म्हणजे कुठला मंगेश असं पुढच्या पिढीला कळत नाही, म्हणून बाबांचा मृत्यूदाखला आणि त्यांच्या नावावरचे उतारे वेगळ्या फायलीत आत्ताच लावून ठेवा.

शेवटी एक करा. येत्या सोमवारी संध्याकाळी चौघं मिळून मंगेशीला जा, सोमवारी पालखी असते, फोंड्यातून तुम्हाला काय लांब नाही. बायको बहुतेक एखाद दुसऱ्यांदा गेली असेल, लग्नानंतर पाया पडायला वगैरे, तेव्हा नवी सून म्हणून मान खाली घालून गेली असणार, तिने काय बघितलं असेल. या वेळी दीपस्तंभाखाली सावकाश बसा, तळीकडे फिरून या, बाळ तिच्या मांडीवर असू दे, आणि वाघाची गोष्ट आईला सांगू दे. तुम्ही नका सांगू, आईलाच सांगू दे, सुनेला. गोष्टीत ते नाव येतं ना, मां गिरीश म्हणेपर्यंत आई काय करते बघा, म्हणते की थांबते.

नाव कुठलंही ठरलं तरी मला कळवा, आणि बारशाच्या दिवशी आईने बाळाला पहिली हाक काय मारली तेवढं नक्की लिहा.

तुमची ताई